दुकानात नेण्याआधी : संगणक आणि टॅबलेटविषयी वाचकांचे प्रश्न

(पडद्यावर इंग्रजीत दिसणारी मेनूंची आणि बटणांची नावं इथे देवनागरीत, बोलतो तशीच दिली आहेत.)

प्रश्न : २०१७ साली घेतलेला लॅपटॉप आहे. सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू करून वापरण्याजोगा व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं, फरक नाही. दुकानदार म्हणतो, आता नवीनच घ्या. (सातारा)

उत्तर : नवीन विंडोज टाकूनही फरक पडला नाही, म्हणजे अडचण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नाही. लॅपटॉप रखडलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच चौकट दिसली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. मग 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन 'डिस्क' निवडा. डिस्क १०० टक्के आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी, असं चित्र दिसलं तर दुखणं हार्ड डिस्कचं आहे.

डिस्क इतकी 'कामात' असून काम इतकं कमी का? लॅपटॉपमधली बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे फिरते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. विंडोज चालू होताना तबकडीवर इकडेतिकडे विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचाव्या लागतात. दर फायलीसाठी वाचणारा हात सरकवायचा आणि तबकडी फिरून हवी ती जागा खाली यायची वाट बघायची. या हिशेबाने सेकंदाला शंभरेक फायलींच्या पुढे मजल जात नाही. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारा भागच नसल्यामुळे ती असली हजारो वाचनं सेकंदात उरकते. म्हणून अशा लॅपटॉपला एसएसडी बसवली की चालू व्हायचा वेळ बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण मिनिटावर येतो.

घ्यायची ती अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीची, एसएसडी. हार्ड डिस्कच्या जागी तीच बसते. ५०० जीबीच्या आसपासची पुरे. 'एनव्हीएमई जास्त वेगवान' म्हणून दुकानदार ती पट्टीच्या आकाराची, वेगळ्या जोडणीची एसएसडी गळ्यात मारायला बघेल. त्या काळच्या कित्येक लॅपटॉपमध्ये तिचा खाचाच नसतो, आणि खाचा दिसला तरी तो फक्त साटाचा असू शकतो. तळ उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता रॅम. टास्क मॅनेजरच्या त्याच खिडकीत 'मेमरी'वर गेलात की खाली 'स्लॉट्स यूज्ड' दिसेल. '१ ऑफ २' असेल तर दुसरी ४ जीबीची पट्टी टाकता येते. ती लॅपटॉपचीच, म्हणजे एसओ-डिम हवी. डीडीआरचा, म्हणजे रॅमच्या पिढीचा, आकडाही जुळायला हवा. डीडीआर-थ्री आणि डीडीआर-फोर एकमेकांच्या खाचात बसत नाहीत. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एसएसडी आणि नंतर रॅम. उलट केलंत तर पदरी निराशाच येईल.

स्वतः उघडणार असाल तर बंद करून, चार्जर काढून, आणि आत पोचल्यावर पहिल्यांदा बॅटरीची वायर सोडवून मगच पुढे जा. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. ते मिळाले नाहीत म्हणून तळ ओढलात तर प्लास्टिकचे आकडे तुटतात. स्क्रू ज्या जागेचे त्याच जागी जायला हवेत. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वरच्या बाजूला, हात टेकतो तिथे, फुगवटा येतो.

नव्या डिस्कवर विंडोज टाकायला मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आणि ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागतो. आधीची प्रत अस्सल असेल तर परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. पूर्वीचीच आवृत्ती निवडा, इंटरनेट जोडा, ती आपोआप चालू होते. 'ॲक्टिव्हेशन'चे वेगळे पैसे मागणाऱ्याला नाही म्हणा.

एक बाब दुकानदाराच्या बाजूने. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची मुदतवाढ आहे ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, आणि त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा त्यात बसत नाही. नेट बँकिंग याच लॅपटॉपवर होत असेल तर खर्च करण्याआधी याचा विचार करा. मुलांचा अभ्यास, टायपिंग, चित्रपट एवढंच असेल तर एसएसडी टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली वापरणं हा चांगला मार्ग आहे, आणि आमच्या मते तो फार कमी लोक चोखाळतात.

प्रश्न : बँक भरतीचा फॉर्म भरताना फोटो आणि सही दर वेळी नाकारली जाते. कधी 'फाइल मोठी', कधी 'फाइल लहान'. सायबर कॅफेवाला एका फॉर्मचे शंभर रुपये घेतो. घरी कसं करायचं? (परभणी)

उत्तर : गोंधळ होतो तो दोन वेगळी मापं एकच समजल्यामुळे. एक माप चित्राचं, पिक्सेलमध्ये. दुसरं फाइलच्या वजनाचं, केबीमध्ये. फॉर्मला दोन्ही बरोबर लागतात. आयबीपीएसच्या (बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) फॉर्ममध्ये आजवर मागितली गेलेली मापं अशी : फोटो २०० × २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, सही १४० × ६०, १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २४० × २४०, २० ते ५० केबी, हाताने लिहिलेलं निवेदन ८०० × ४००, ५० ते १०० केबी. तुमच्या जाहिरातीतले आकडे मात्र पुन्हा बघून घ्या.

फोटोपासून सुरुवात करू. स्टुडिओतला पासपोर्ट फोटो ३.५ × ४.५ सेंटिमीटरचा असतो. तो २०० पिक्सेल रुंद केला तर उंची २५७ येते, २३० नव्हे. बरेच जण इथे 'मेन्टेन आस्पेक्ट रेशो'ची (रुंदी-उंचीचं प्रमाण राखण्याची) खूण काढून २३० टाकतात आणि चेहरा चपटा होतो. आधी क्रॉप, मग रिसाइझ, हा क्रम सोडू नका. डोक्यावरची आणि छातीखालची थोडी जागा कापा, रुंदी २० तर उंची २३ या प्रमाणात आणा, मग लहान करा.

विंडोज ११ च्या फोटोज ॲपमध्ये चित्र उघडून वरच्या तीन टिंबांत 'रिसाइझ इमेज' आहे. तिथे पिक्सेल टाका, प्रकार जेपीजी ठेवा. 'क्वालिटी'ची पट्टी सरकवली की नव्या फाइलचं वजन तिथेच दिसतं. २०० × २३० च्या चित्राचं वजन, विशेषतः मागे पांढरी भिंत असेल तर, १२-१५ केबीवर उतरतं आणि 'फाइल लहान' हा निरोप येतो. अशा वेळी क्वालिटी ९५-१०० पर्यंत न्या.

विंडोज १० वर पेंटमध्ये कंट्रोल आणि डब्ल्यू दाबून रिसाइझ होतं, पण पेंटमध्ये क्वालिटीची पट्टी नसते. तिथे वजन कमी भरलं तर २४० × २७६ करून बघा. प्रमाण तेच राहतं, वजन वाढतं. २०० × २३० हे माप 'शक्यतो' म्हणून दिलेलं असेल तर ते चालून जातं.

सहीसाठी कोऱ्या पांढऱ्या कागदावर पट्टीने ७ सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर उंच चौकट आखा. १४० × ६० चं हेच प्रमाण आहे. तिच्यात काळ्या शाईने, चौकट भरेल अशी सही करा. कॅपिटल अक्षरांतली सही चालत नाही. दिवसा खिडकीजवळ, फोनची सावली कागदावर पडणार नाही असा फोटो काढा आणि रेघांच्या अगदी आतून क्रॉप करा. नाकारलेल्या बहुतेक सह्यांमध्ये सही कोपऱ्यात एवढीशी आणि बाकी राखाडी कागद, असंच असतं. निवेदनासाठी चौकट उंचीच्या दुप्पट रुंद, म्हणजे १६ × ८ सेंटिमीटर.

आयफोनचा फोटो अपलोडच होत नसेल तर तो एचईआयसी प्रकारचा असणार. फाइलच्या नावाचं शेपूट बदलून 'जेपीजी' लिहिल्याने प्रकार बदलत नाही. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा आणि फोटो पुन्हा काढा.

'२० केबीत फोटो करून देतो' म्हणणाऱ्या कुठल्याही वेबसाइटवर स्वतःची सही आणि अंगठा चढवू नका. घरच्या घरी दोन मिनिटांत होणाऱ्या कामासाठी ओळखीचे पुरावे अनोळखी माणसाच्या हाती कशाला द्यायचे?

प्रश्न : आमच्या वाचनालयाचे २००३ ते २०१० पर्यंतचे अहवाल वर्डमध्ये आहेत. नव्या संगणकावर उघडले तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फायली खराब झाल्या का? (कोल्हापूर)

उत्तर : फायली शाबूत आहेत. त्या काळी मराठी टायपिंग बहुतेक श्रीलिपी, शिवाजी, आयएसएमचे सुरेख, योगेश अशा फॉन्टमध्ये व्हायचं. या फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर देवनागरीचे आकार बसवले होते. संगणकाच्या लेखी ती फाइल इंग्रजीच आहे. फॉन्ट असला की मराठी दिसते, नसला की कचरा.

कचऱ्यावर कुठेही क्लिक करा आणि वर 'होम'मधल्या फॉन्टच्या चौकटीत बघा. तो फॉन्ट संगणकात नसला तरी त्याचं नाव तिथे दिसतं. ते लिहून घ्या. तो फॉन्ट जुन्या संगणकातून किंवा सीडीवरून मिळाला तर बसवा. फायली लगेच वाचता येतील. वाचता येत आहेत तोवर प्रत्येकीची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे निदान वाचायची आणि छापायची सोय कायमची होते.

शोधता आणि दुरुस्त करता यावं म्हणून फायली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, आणाव्या लागतील. त्यासाठीचा कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा हवा. श्रीलिपीची फाइल शिवाजीच्या कन्व्हर्टरमधून काढली तर एका कचऱ्याचा दुसरा कचरा होतो. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून आधी एकच पान बदलून बघा आणि तपासताना दोन जागा डोळ्यांत तेल घालून बघा : पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये टायपिंग दिसण्याच्या क्रमाने व्हायचं. 'कि'मधली वेलांटी क-च्या आधी, 'सूर्य'मधला रफार य-च्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम बरोबर उलटा आहे. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो तिथेच ठेचकाळतो. 'वर्षी', 'आर्थिक', 'कार्यकारिणी' असले शब्द अहवालात पानोपानी असतात. तेच शोधून बघा. वर्गणीदारांच्या यादीतली इंग्रजी नावं आणि आकडे आधी वेगळे काढा, नाहीतर तेही 'मराठी' होऊन बसतील.

इथून पुढचं टायपिंग युनिकोडमध्येच करा. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आत आलेला आहे. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज इथे मराठी जोडा, तिच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'ॲड अ कीबोर्ड' करून मराठी फोनेटिक घ्या. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलते. रोज पानंच्या पानं टाइप करायची असतील तर इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी शिकणं सोयीचं. त्यात 'तऱ्हा', 'दऱ्या'तला ऱ शिफ्ट आणि जे-ने येतो. पुढे हलन्तासाठी डी.

मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट नव्या संगणकावर दिसत नसतील तर गोंधळून जाऊ नका. विंडोज १० पासून ते सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या नावाने वेगळे घ्यावे लागतात. आणि वर्डमध्ये अक्षराचा आकार बदलूनही मराठी तेवढीच राहत असेल तर मजकूर निवडून कंट्रोल आणि डी दाबा. तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' म्हणून वेगळा रकाना आहे. मराठीचा आकार त्यात ठरतो.

प्रश्न : लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या पाठीला हात लागला की झिणझिण्या येतात. पावसाळ्यात जास्तच. लॅपटॉप बदलून घ्यावा का? (चिपळूण)

उत्तर : लॅपटॉप नंतर, आधी भिंतीवरचं सॉकेट बघा. चार्जरच्या आतल्या गाळणीतून अगदी थोडी वीज, मिलिॲम्पियरच्याही आतली, धातूच्या अंगावर येते. तीन पिनांच्या चार्जरमध्ये ती जाड पिनेतून जमिनीत निघून जायला हवी. ती वाट बंद असली की तुमच्यातून जाते. अनवाणी, ओल्या फरशीवर उभे असाल तर जास्त जाणवते. टेस्टर लावला तर दिवा मंद पेटतो.

तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा अडॅप्टर लावून जुन्या सॉकेटमध्ये खुपसलं असेल तर तो आजच काढून टाका. तसं नसेल तर इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज आणि अर्थिंगमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये फार तर दोन-तीन. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायरच नसते. वायर असूनही झिणझिण्या येत असतील, आणि विशेषतः उन्हाळ्यात वाढत असतील, तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. त्यात पाणी सोडावं लागतं.

काही इलेक्ट्रिशियन सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थिंगची पिन तारेच्या तुकड्याने जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, गिऱ्हाईक खूश. पण पुढे कधी न्यूट्रल तुटली किंवा फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले, तर लॅपटॉपच्या, फ्रिजच्या, वॉशिंग मशिनच्या अंगावर पुरी फेज येते. हे करू देऊ नका.

चार्जर मुळातच दोन पिनांचा असेल तर हलक्या झिणझिण्या हा त्याचा दोष नाही. पण झिणझिण्या सोडून झटका बसत असेल तर तो चार्जर वापरायचा नाही.

प्रश्न : वडिलांच्या लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात सारखं 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस' असं येतं. अँटिव्हायरसला काही सापडत नाही. (डोंबिवली)

उत्तर : सापडणार नाही, कारण व्हायरस नाहीच. कुठल्यातरी वेबसाइटने 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' असं सांगितलं आणि ते दाबलं गेलं. त्यामुळे त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळाली. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे परवानगी दिलेल्या साइटची यादी आहे. अनोळखी नावं काढून टाका आणि वर 'सूचना पाठवू देऊ नका' हा पर्याय निवडा. वडिलांना याने काहीही उणं पडणार नाही.

पूर्ण पडदा व्यापणारा इशारा, भोंगा आणि फोन नंबर आला तर एस्केप दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ-फोर. तरी जात नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना 'रिस्टोअर' विचारलं तर नाही म्हणा. त्या नंबरवर आधीच फोन झाला असेल आणि समोरच्याने दुरून संगणक चालवायचं ॲप बसवून घेतलं असेल, तर पहिल्यांदा वायफाय बंद करा. बँकेशी दुसऱ्या फोनवरून बोला. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर गोठवता येण्याची शक्यता असते.

प्रश्न : ३२ जीबीचा टॅबलेट सतत 'स्टोरेज फुल' म्हणतो. फोटो पुसले तरी जागा होत नाही. (नाशिक)

उत्तर : पुसलेले फोटो आधी कचराकुंडीत जातात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. ती 'बिन' रिकामी करा. पण त्याआधी हे वाचा : गूगल फोटोजमधून फोटो पुसला की तो टॅबलेटवरून आणि गूगलच्या खात्यातून, दोन्हीकडून जातो. फक्त टॅबलेटवरून काढायचा असेल तर त्याच ॲपमधलं 'फ्री अप स्पेस' वापरा. ते फक्त बॅकअप झालेले फोटोच काढतं.

खरा ढीग बहुधा व्हॉट्सॲपमध्ये असतो. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. ५ एमबीहून मोठ्या फायली आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या गोष्टी तिथे वेगळ्या दिसतात. सुप्रभातचे व्हिडिओ एका फटक्यात जातील. मग मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगलच्या मोफत १५ जीबीतच मोजला जातो. ते भरले की जीमेलवर येणारे मेलही थांबतात, आणि पाठवणारा म्हणतो, 'मी तर कालच पाठवलं.'

प्रश्न : १२८ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला, संगणक ११९ दाखवतो. शिवाय ५ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ जात नाही, जागा असूनही. फसवलं का? (बेळगाव)

उत्तर : नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटी ३७ लाखांच्या वर. त्या हिशेबाने १२८ चे ११९ होतात. व्हिडिओ अडतो कारण पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, राइट क्लिक करून फॉरमॅटमध्ये एक्सफॅट निवडा. जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. व्हिडिओ टीव्हीवरच बघायचा असेल तर फॅट-३२ राहू द्या आणि त्याचे दोन तुकडे करून घ्या.